याला उठवणार कोण?

रात्रीचे दोन वाजून गेले होते. लोअर परळच्या ऑफिसात आम्ही चौघं उरलो होतो. पाचवा फोनवर होता आणि दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारत होता, "काही कळलं का?" बाराच्या सुमारास आमची प्रणाली बंद पडली होती. खरं तर बंद पडलेलं यंत्र निदान ओळखू तरी येतं. हे चालू होतं. सर्व्हर जिवंत होता, मेमरी मुबलक होती आणि सीपीयू तर इतका निवांत की दोन टक्केही कामात नव्हता. फक्त कुणाच्याही विनंतीला उत्तर मिळत नव्हतं.

अशा वेळी आम्ही थ्रेड डंप काढतो. प्रोग्रॅमच्या पोटात त्या क्षणी जेवढे थ्रेड आहेत, त्यांतला प्रत्येक जण कुठल्या ओळीवर उभा आहे आणि कुठल्या अवस्थेत आहे याची ती यादी. शिरगणतीच म्हणा. मी वाचायला घेतली. विनंत्या हाताळणारे २०० थ्रेड. त्यांतले १८० ‘वेटिंग’, उरलेले २० ‘रनेबल’. मेलेला एकही नाही. ते १८० जण एकाच ओळीवर उभे होते आणि ती ओळ तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलेली होती.

खिडकीतून चिमणी दिसत होती. आमचं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. गिरणी गेली, चिमणी तेवढी शोभेला ठेवली आणि रात्री तिच्यावर निळा उजेड सोडतात. माझे वडील, आबा, ज्या गिरणीच्या फाटकाबाहेर उभे राहायचे, ती इथून चालत दहा मिनिटांवर होती. २०१० सालची ती रात्र, समोर १८० ताटकळलेल्या थ्रेडांची यादी, आणि मला एकदम ते फाटक आठवलं.

थ्रेड म्हणजे धागा. एका प्रोग्रॅमला एकाच वेळी अनेक कामं पुढे न्यायची असतात, तेव्हा प्रत्येक कामाचा एक धागा धरायचा. कॉम्प्युटरच्या जगात हा शब्द जुना आहे. जेरोम सॉल्टझर यांच्या १९६६ सालच्या एमआयटीतल्या प्रबंधात तो येतो आणि त्याचं श्रेय तिथे व्हिक्टर व्हिसॉट्स्की यांना दिलेलं आहे. मी मात्र तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या नाकात कापसाचा वास आला. आबा त्रासनखात्यात होते. सूतकताईचं खातं ते. तिथे शेकडो चात्या गरगरत असतात आणि एकेक माणूस त्यांच्या रांगांमधून फिरत राहतो. धागा तुटला की पटकन सांधायचा आणि पुढे सरकायचं. बॉबिन भरली की उतरवायची. एका चातीपाशी रेंगाळला, तर दहा ठिकाणचे धागे लोंबत राहतात.

१९९६ मध्ये मला पहिली नोकरी लागली, तेव्हा आबांनी विचारलं होतं, "म्हंजे तू करतीस काय तिथं?"

"धागे चालवते, आबा."

"किती?"

"पन्नासेक असतील."

"आन् ते बघाय मानसं किती?"

"एकच." आमच्या यंत्रात तेव्हा एकच प्रोसेसर असायचा.

आबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "मग तो फिरत असंल."

कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टीम शिकवणाऱ्या सरांना जे समजावून सांगायला दोन तास लागले होते, ते आबांनी चार शब्दांत सांगितलं. तो फिरतच असतो. एका थ्रेडला काही हजारांश सेकंद देतो, तो कुठे पोचला होता ते टिपून ठेवतो आणि दुसऱ्याकडे जातो. फिरणं इतकं वेगात असतं की बाहेरून बघणाऱ्याला सगळे एकदमच चाललेत असं वाटतं.

थ्रेडच्या जन्मापासून सांगायला हवं. मी ज्या जावा भाषेत आयुष्य घालवलं, तिने थ्रेडच्या आयुष्याचे सहा टप्पे मानले आहेत: न्यू, रनेबल, ब्लॉक्ड, वेटिंग, टाइम्ड वेटिंग आणि टर्मिनेटेड. नुसता तयार केलेला थ्रेड ‘न्यू’ असतो. नाव आहे, कागद आहे, पण अजून जीव नाही. त्याला ‘स्टार्ट’ म्हटलं की तो उठतो. हे म्हणणं आयुष्यात एकदाच. संपलेल्या थ्रेडला पुन्हा स्टार्ट म्हटलं, तर तो उठत नाही. उलट आपल्यालाच चूक दाखवली जाते. नवशिके आणखी एक गंमत करतात. स्टार्ट म्हणण्याऐवजी ते थ्रेडचं ‘रन’ थेट बोलावतात. काम होतं, पण ते बोलावणाऱ्याच्याच हातून होतं. नवा थ्रेड बाजूला बसून राहतो. पोराला दुकानात पाठवायचं ठरवून पिशवी घेऊन स्वतःच निघावं, तसं. पहिल्या नोकरीत मी आठवडाभर असे पन्नास थ्रेड निर्माण करत होते आणि सगळं काम एकटीच्या धाग्यावर ओढत होते.

स्टार्ट म्हटल्यावर थ्रेड ‘रनेबल’ होतो. इथे भाषेने एक चलाखी केली आहे. रनेबल म्हणजे धावणारा नव्हे. धावायला तयार असलेला. खरोखर प्रोसेसरवर चाललेला आणि नुसता रांगेत उभा असलेला, दोघांनाही जावा एकच नाव देते.

आबा आठ वर्षं बदली कामगार होते. बदली म्हणजे ज्याचं काम दुसऱ्याच्या गैरहजेरीवर अवलंबून, असा माणूस. हातात बदली कार्ड. सातच्या भोंग्याआधी फाटकावर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोण आलं नाही ते पाहून आत जागा भरल्या जायच्या. नाव पुकारलं तर पाळी मिळाली, नाही पुकारलं तर डबा घेऊन परत. तो डबा मग आम्ही पोरं दुपारी खायचो, म्हणून लहानपणी मला आबा परत आलेले आवडायचे. डबा घरी येणं ही वाईट बातमी असते, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

कुणी वाटेत विचारलं, "काय अण्णा, कसं चाललंय?" तर फाटकावरून परत येणारे आबा म्हणायचे, "चाललंय." पाळी करून आलेले आबाही म्हणायचे, "चाललंय." मराठी माणसाचा हा रनेबल. त्यात सगळं मावतं. जावाने सहा टप्प्यांत या एकाच ठिकाणी माणसासारखी लाज राखली आहे.

त्या रात्रीच्या यादीतले वीस रनेबल असेच होते. बाहेरच्या एका प्रणालीकडे त्यांनी निरोप पाठवला होता आणि उत्तराकडे कान लावून ते बसले होते. पण ते बसणं ऑपरेटिंग सिस्टीमच्या पातळीवरचं असतं, जावाच्या नजरेला ते दिसत नाही. त्यामुळे नेटवर्कवर उत्तरासाठी अडकलेला थ्रेडही यादीत ‘रनेबल’ म्हणूनच येतो. विचारलं तर, चाललंय.

सहापैकी तीन अवस्था वाट पाहण्याच्या आहेत, हे मला फार उशिरा जाणवलं. चालण्यासाठी एक शब्द आणि थांबण्यासाठी तीन. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना थ्रेडचं आयुष्य नीट ठाऊक होतं. आपल्या भाषेलाही ते ठाऊक आहे. आपण खोळंबतो, ताटकळतो, तिष्ठतो, वाट पाहतो, नुसतेच थांबतो. गाडी खोळंबते, ती तिष्ठत नाही. पाहुणा ताटकळतो. आई वाट पाहते. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

‘ब्लॉक्ड’ म्हणजे खोळंबणं. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत मजल्यावर वीस खोल्या आणि टोकाला चार संडास. सकाळी बाहेर टमरेलांची रांग. आत एक जण गेला की कडी लागली. तो बाहेर येईपर्यंत दुसऱ्याला प्रवेश नाही. एकाच वस्तूला दोन थ्रेडांनी एकाच वेळी हात लावला तर माहितीचा विचका होतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये अशीच कडी असते. तिला आम्ही लॉक म्हणतो. बाहेरच्याला एवढंच करता येतं, की उभं राहायचं. त्याचा दोष काही नसतो आणि आतल्याचाही नसतो.

या खोळंब्यातून कसे तिढे पडतात त्याचं एक उदाहरण पृथ्वीच्या बाहेरचं आहे. ४ जुलै १९९७ ला ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा आपोआप बंद होऊन सुरू होऊ लागला. हवामानाची मोजमापं टिपणारं एक काम त्यात होतं, अगदी खालच्या मानाचं. ते कडी लावून आत गेलं. फार वरच्या मानाचं, यानातली माहिती इकडून तिकडे नेणारं काम दारात खोळंबलं. एवढ्यात मधल्या मानाचं, संपर्काचं लांबलचक काम आलं. त्याला त्या दाराशी काही देणंघेणं नव्हतं, पण आतल्या गरिबापेक्षा त्याचा मान मोठा, म्हणून प्रोसेसर त्यालाच मिळत राहिला. आतला गरीब हलेना, तो हलेना म्हणून दार उघडेना, आणि साहेब बाहेर उभे. ठरल्या वेळेत साहेबांचं काम झालं नाही हे पाहून राखणदार यंत्रणा सगळंच बंद करून पुन्हा सुरू करायची. पृथ्वीवरच्या इंजिनिअरांनी यानाच्या प्रतिकृतीवर तोच घोळ घडवून पाहिला आणि उपाय वर पाठवला. उपाय एका स्विचचा होता. साहेब दारात खोळंबले, तर तेवढ्यापुरता साहेबांचा मान आतल्या गरिबाला द्यायचा, म्हणजे त्याला कुणी मधे अडवणार नाही आणि तो लवकर बाहेर येईल. मोठ्यांचं काम लहानांमुळे अडलं, तर लहानांवर ओरडून दार उघडत नाही. त्यांच्या वाटेतली गर्दी हटवावी लागते. ही अक्कल ज्या यंत्रात घातली होती ते यंत्र मंगळावर होतं.

‘टाइम्ड वेटिंग’ म्हणजे नुसतं थांबणं, घड्याळ लावून. एवढे सेकंद बघतो, नाहीतर माझा मी निघतो. यात दुःख नसतं. या थ्रेडला आपलं भवितव्य ठाऊक असतं.

तिसरी अवस्था ‘वेटिंग’. हे खरं वाट पाहणं. थ्रेड हातातली कडी सोडतो, प्रोसेसरवरचा हक्क सोडतो आणि डोळे मिटतो. वेळेचं बंधन नाही. दुसऱ्या कुठल्या तरी थ्रेडने ‘नोटिफाय’ म्हणून हाक मारली, तरच तो उठणार. आणि हाकेचा एक कायदा आहे. हाक मारली त्या क्षणी कुणीच वाट पाहत नसेल, तर ती हाक वाया जाते. नंतर येणाऱ्यासाठी कुणी ती जपून ठेवत नाही. म्हणजे वाट पाहणाऱ्याचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या आठवणीवर आणि वेळेवर टांगलेलं. जगातलं सगळ्यात प्रसिद्ध वेटिंग आपल्या पंढरपुरात आहे. आईबापांची सेवा आटोपेपर्यंत थांब, म्हणून पुंडलिकाने वीट भिरकावली आणि देव तिच्यावर उभा राहिला. अठ्ठावीस युगं झाली, पुंडलिकाची हाक आलेली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आबांना कायम होऊन तीन-चार वर्षंच झाली होती. मी पाचवीत होते. भोंगा वाजायचा थांबला, तेव्हा सकाळी किती वाजले ते कळेनासं झालं, एवढाच सुरुवातीला आम्हा पोरांना झालेला त्रास. महिन्या-दोन महिन्यांत मिटेल असं सगळेच म्हणत होते. त्या ‘म्हणत होते’वर घड्याळ लावलेलं होतं, असं आम्हाला वाटायचं. नव्हतं.

आबा दारात बसायचे. आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी जिना चढून यायचं, "अण्णा, सोमवारी उघडतीय म्हनं." सोमवारी पहाटे आबा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून निघायचे. डबा असायचा. आई दारात उभी राहून ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत बघायची. दहाच्या आत परत. फाटक बंदच.

जावाच्या माहितीपत्रकात एक वाक्य आहे, नवशिक्याला ते खोटं वाटतं. वाट पाहणारा थ्रेड कधी कधी कुणीही हाक न मारता उठू शकतो. म्हणून त्यांचा सल्ला असा, की उठल्यावर लगेच पुढे जाऊ नका. ज्यासाठी वाट पाहत होतात ती गोष्ट खरंच झाली का ते पाहा आणि नसेल झाली तर पुन्हा झोपा. ‘जर’ लिहू नका, ‘जोवर’ लिहा. कॉलेजातून ताज्या आलेल्या मुलांना हे पटवायला वेळ लागतो. मला लागला नाही. मी वर्षभर ‘जोवर’ बघितला होता. खोटी जाग, धुतलेला शर्ट, फाटक, परत, दार.

आणि वाट पाहणं फुकट नसतं. थांबलेला थ्रेड प्रोसेसर वापरत नाही हे खरं, पण जागा खातो. ६४ बिटांच्या लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या नावाने साधारण १ एमबी राखून ठेवावी लागते, मग तो काम करो वा न करो. असे हजारो थ्रेड वाट पाहत बसले की काम करणाऱ्यांना जागा उरत नाही. आमच्या घरात आईच्या पाटल्या आधी गेल्या. मग शिवणयंत्र आलं, कुणाचं तरी जुनं, हप्त्यावर. आणि आई रात्रभर साड्यांना फॉल लावू लागली. आबा तिला म्हणायचे, "दम धर. विठोबा उभाच हाय की." आई दातांनी दोरा तोडत म्हणायची, "विठोबाला खोलीभाडं न्हाई."

थांबलेल्या थ्रेडला बाहेरून मारता येत नाही का, असं मला नवीन मुलं विचारतात. जावात सुरुवातीला ‘स्टॉप’ नावाची तशी सोय होती. १९९८ च्या आवृत्तीपासून ती वापरू नका असं सांगितलं गेलं. कारण समजावताना मी आमच्या चाळीचा संडास सांगते. कडी आतून असते. दार फोडून आतल्याला ओढून काढलं, तर दार मोकळं होईल हे खरं; पण तो ज्या अवस्थेत बाहेर येईल, ती कुणाला बघवणार नाही. अर्धवट लिहिलेली माहिती, अर्धवट बदललेले हिशेब, आणि पुढचा माणूस त्यातच पाय टाकणार. मुलं हसतात आणि जन्मात विसरत नाहीत. मग बाहेरच्याने करायचं काय? दारावर टकटक. त्याला ‘इंटरप्ट’ म्हणतात. "अहो, आवरा." ऐकायचं की नाही, कधी ऐकायचं, कुठल्या टप्प्यावर हातातलं नीट ठेवून बाहेर यायचं, हे आतल्यानेच ठरवायचं असतं. वाट पाहत झोपलेल्याला टकटक झाली, तर तो दचकून उठतो आणि त्याच्या हातात एक अपवाद पडतो. चांगला प्रोग्रॅमर त्या अपवादाकडे लक्ष देतो. आळशी प्रोग्रॅमर तो गिळून टाकतो आणि थ्रेड पुन्हा आपल्या जागी जाऊन वाट पाहू लागतो.

आबांनी आईची टकटक वर्षभर गिळली. "आता बास झालं. दुसरं कायतरी बघा." ते ऐकायचे, मान हलवायचे आणि दारात जाऊन बसायचे. मग १९८३ च्या पावसाळ्यात एकदा आई काही न बोलता त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली. पाच-दहा मिनिटं दोघं नुसते समोरच्या जिन्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी आबा गावाकडच्या एका माणसाकडे गेले आणि रात्रपाळीचे वॉचमन झाले. दर तासाला एक फेरी, आणि फेऱ्यांच्या मधे स्टूलवर बसणं. टाइम्ड वेटिंग. त्या रात्रीपासून ते पुन्हा घोरायला लागले, असं आई सांगते. म्हणजे दिवसा.

संपाचं पुढे काय झालं ते इतिहासाला ठाऊक आहे. कामगार हळूहळू पांगले. काही आत परत गेले, अनेकांना आत घेतलं नाही, गिरण्या एकेक करून मिटल्या. पण तो संप अधिकृतपणे मागे घेतल्याची घोषणा कधी झाली नाही. हाक आली नाही. कागदोपत्री पाहिलं तर आबा आजही १८ जानेवारीच्या त्या ओळीवर उभे आहेत.

त्या रात्री ऑफिसात मी कारण शोधलं तेव्हा ते इतकं साधं निघालं की मला माझीच लाज वाटली. डेटाबेसशी बोलायला आमच्याकडे वीस जोडण्या होत्या. वीस थ्रेडांनी त्या घेतल्या आणि हातात धरूनच ते बाहेरच्या एका प्रणालीला प्रश्न विचारायला गेले. ती प्रणाली त्या रात्री गप्प झाली होती. उत्तरासाठी किती वेळ थांबायचं ते आम्ही ठरवून दिलं नव्हतं, आणि ठरवून दिलं नाही तर जावात त्याचा अर्थ ‘कायमचं’ असा होतो. उरलेले १८० थ्रेड एखादी जोडणी मोकळी होईल म्हणून वाट पाहत उभे. तिथेही मुदत घातलेली नव्हती. ती ओळ माझी. लिहिताना मला वाटलं होतं, जोडणी काय, मिळेलच.

मिळेलच. सोमवारी उघडेलच.

आम्ही सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. २०० नवे थ्रेड जन्मले, कामाला लागले. फोनवरच्या माणसाने आभार मानून फोन ठेवला. सकाळपर्यंत मी एकेक जागा शोधून मुदती घालत बसले. इथे पाच सेकंद, तिथे तीस. त्या वेळात नाही जमलं तर सरळ सांग की जमत नाही, म्हणजे पलीकडचा माणूस दुसरी वाट धरेल. नाही ऐकून माणूस मोडत नाही. उत्तराची वाट बघून मोडतो.

तेव्हापासून कुणाचाही कोड तपासताना मी एक प्रश्न विचारते. थ्रेड कुठेही थांबलेला दिसला, की त्या ओळीवर बोट ठेवते आणि म्हणते, "याला उठवणार कोण?" उत्तर एका नावाचं हवं. ‘कुणीतरी उठवेल’ चालत नाही. ‘आपोआप होईल’ चालत नाही. आणि ज्याचं नाव सांगाल तोच जर आधी मेला, तर किती वेळाने हा स्वतःहून उठेल, तेही लिहा. टीममधली मुलं माझ्या माघारी मला या प्रश्नाच्याच नावाने ओळखतात. माझी हरकत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये जावाची एकविसावी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत आभासी थ्रेड आले. ज्या प्रकल्पातून ते निघाले त्याचं नाव लूम. म्हणजे माग. साध्या यंत्रावरही असे लाखो थ्रेड चालवता येतात, कारण थ्रेड वाट पाहू लागला की त्याला खालच्या खऱ्या थ्रेडवरून उचलून बाजूला ठेवतात. त्याच्या नावाने मोठी जागा अडवली जात नाही. आमच्याकडच्या मुलाने हे समजावून सांगितलं आणि म्हणाला, "मॅडम, आता वेटिंग जवळजवळ फ्री आहे." मला आनंद झाला. यंत्रं शहाणी होत चालली आहेत. मी त्याला एवढंच म्हटलं, की फुकट झालं म्हणून मुदत घालायचं विसरू नकोस. स्वस्तात उभं करता येतं, म्हणून माणसं जास्त वेळ उभी केली जातात.

सहावी अवस्था टर्मिनेटेड. काम संपलं की थ्रेड संपतो. शहाण्या रचनेत त्याच्या शेवटासाठीही कुणीतरी थांबलेलं असतं. मुख्य थ्रेड ‘जॉइन’ म्हणतो आणि पाठवलेला प्रत्येक जण परत आल्याशिवाय पुढे जात नाही. आबांची दुसरी पाळी सुटेपर्यंत आई तशीच अर्धवट जागी असायची. पायऱ्यांवर पावलं वाजली की मग गाढ झोपायची. काही थ्रेडांना ‘डीमन’ अशी खूण असते. त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही. बाकीचे संपले की दिवे मालवतात, ते कुठल्या ओळीवर होते याची चौकशीही होत नाही.

आबा २००९ मध्ये गेले. बदली कार्ड अजून कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, आईच्या जन्मदाखल्याशेजारी. थ्रेड संपला तरी त्याची वस्तू मेमरीत उरते, जोवर कुणी तिचं नाव धरून आहे तोवर. जिवंत आहेस का, असं तिला विचारलं तर ती ‘नाही’ म्हणते. पण उत्तर देते.

गिरणी कामगारांना घरं द्यायची ठरली आणि अर्ज भरून घेतले गेले, तेव्हा आईने वारस म्हणून भरला. असे लाखाच्या वर अर्ज आहेत. २०१२ मध्ये सोडत निघाली, नंतरही निघाल्या. थ्रेडच्या जगात हे होत नाही. तिथे वाट पाहणारा संपला की त्याची वाटही संपते. दुसऱ्याच्या नावावर चढत नाही.

आई आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. माझ्याकडे राहते, तिला घराची गरज नाही. तरी सोडतीची बातमी टीव्हीवर दिसली की तिचा ऑफिसात फोन येतो.

"यादी लागली म्हनं. बघ की जरा."

मी हातातलं काम बाजूला ठेवते. क्रमांक मला पाठ आहे. तरी तो समोर कागदावर लिहून घेते आणि यादी वरून खाली वाचते, मग खालून वर.

"नाही गं आई."

"बरं," ती म्हणते. "म्होरल्या बारीला बघू." आणि फोन ठेवता ठेवता विचारते, "तुजं काय, चाललंय न्हवं?"

"चाललंय," मी म्हणते.